सुई, दोरा आणि घरचा हिशेब

(गृहशिक्षणाचा पाठ)

शिक्षकांस सूचना : हा पाठ केवळ स्त्रियांच्या सभेपुरता राखून ठेवूं नये. पुरुष व मुलें हजर असतील अशा वेळीं तो घ्यावा. वर्गांत तीन वस्तु आणाव्या : एक जुनी गोधडी, एक फाटकी बंडी आणि लहान मुलाचें विणलेलें लोकरी टोपडें. वस्तु डोळ्यांपुढें असली म्हणजे अर्धें शिकवणें तीच करिते.

पाठाचा उद्देश : घरांत रोज चालणारें शिवणटिपण हा रिकाम्या वेळचा उद्योग नसून संसाराच्या मिळकतीचाच एक भाग आहे, हें समजून घेणें, आणि त्या कामाचा भार कोणाच्या हातांवर व कोणाच्या डोळ्यांवर पडतो, तें पाहणें.

१. गोधडी कशी होते

आमच्याकडे लुगडें विरलें म्हणजे तें टाकून देत नाहींत. नेसण्याचें त्याचें आयुष्य संपतें, तेथून पांघरण्याचें सुरू होतें. गोधडी, किंवा कोठें कोठें जिला वाकळ म्हणतात ती, म्हणजे जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून ते धांवदोऱ्यानें एकत्र शिवणें, इतकेंच. परंतु या इतक्यांत पुष्कळ शहाणपण सांठविलेलें आहे.

प्रथम सारें कापड स्वच्छ धुवून कडक उन्हांत वाळवावें. जो भाग अगदींच विरला असेल तो आंतल्या थरांत घालावा आणि त्यांतल्या त्यांत टिकाऊ भाग वर व खालीं यावा. सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर थर पसरून चारी कोंपऱ्यांवर पाट किंवा दगड ठेवावे. आंत सुरकुती राहूं देऊं नये. जेथें ती आज राहील तेथें जन्मभर टोंचेल. मग लांब लांब कच्चे टांके घालून सर्व थर एकमेकांस बांधून घ्यावे आणि त्यानंतर खऱ्या शिवणीस आरंभ करावा. कोणी कांठाकांठानें शिवीत आंत मध्यापर्यंत येतात, तर कोणी उभ्या ओळी घालतात. दोन्ही रीती चांगल्या आहेत. मात्र दोरा फार ओढूं नये. गोधडीची ऊब कापडांत नसून थरांमध्यें कोंडलेल्या हवेंत असते. टांका आवळून थर दाबून टाकले तर ती हवा निघून जाते आणि श्रम करूनहि थंडी वाजते ती वाजतेच.

येथें एका गोष्टीविषयीं सावध केलें पाहिजे. आतां घरोघर कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आहेत. त्या लवकर विरत नाहींत व त्यांचे रंगहि झळकतात, म्हणून त्यांच्याच गोधड्या करण्याकडे कल होतो. पण तें कापड घाम टिपीत नाहीं, शिवतांना थर घसरतात, आणि मुख्य म्हणजे विस्तव लागला असतां तें वितळून कातडीस चिकटतें. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी असते, हिवाळ्यांत मुलें चुलीजवळ निजतात. तेव्हां तान्ह्या मुलाचें दुपटें व पांघरूण सुती कापडाचेंच करावें. पुष्कळ वेळां धुतलेल्या जुन्या धोतराइतकें मऊ कापड नव्या दुकानांतहि मिळणार नाहीं.

२. मुलीनें घातलेलें गणित

आतां मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यांत मला भूषण नाहीं.

एकदां मार्गशीर्षांत आमच्याकडे दूरचे पाहुणे आले होते. बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें, “बाई काय करतात?” मीं सहज उत्तर दिलें, “कांहीं नाहीं, घरींच असते.” त्या वेळीं माझें कुटुंब ओसरीवर गोधडी शिवीत बसलें होतें. तिनें मान वर केली नाहीं. सुई क्षणभर थांबली व पुन्हां चालूं लागली.

आमची मुलगी सातवीच्या वर्गांत होती व जवळच अभ्यास करीत होती. तिनें उठून पट्टीनें गोधडी मापली, टांके मोजले आणि पाटी माझ्यापुढें आणून ठेविली. “बाबा, एवढें गणित बरोबर आहे का पाहतां?”

गणित असें होतें. गोधडीची लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट म्हणजे ४८ इंच. दर अर्ध्या इंचास एक उभी ओळ, म्हणून ओळी ९६. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणून सर्व शिवण ५७६ फूट लांब. एका इंचांत ३ टांके, म्हणून एकंदर टांके २०,७३६. इतक्या थरांतून सुई काढतांना मिनिटास १० टांके धरले तर चौतीस तासांहून अधिक वेळ लागतो. भांडीं, पाणी व स्वयंपाक आटोपून आईला रोज एक तास मिळतो. तेव्हां गोधडी पुरी होण्यास किती दिवस लागतील?

उत्तर पांच आठवडे येतें. मीं तें दोनदां ताडून पाहिलें. पांच आठवड्यांच्या श्रमास मीं पाहुण्यांसमोर ‘कांहीं नाहीं’ असें नांव दिलें होतें.

रात्रीं पाहुणे निजल्यावर मीं कुटुंबास म्हटलें, “आज माझें चुकलें.” ती म्हणाली, “अहो, मला हिशेब नको होता. एवढा दोरा ओंवून द्या. दिव्याच्या उजेडांत मला नेढें दिसत नाहीं.”

मीं दोरा ओंवण्यास घेतला आणि संवयीनें खिशांतून चाळिशी काढून डोळ्यांवर लावली. तेव्हां मला जें दिसलें तें नेढ्याहून बारीक होतें, आणि दोन वर्षें माझ्या दृष्टीस पडलें नव्हतें. माझी चाळिशी दोन वर्षांपूर्वीं आली होती, कारण मला पुस्तकें वाचावयाचीं असतात. तिचें वयहि चाळिशीचेंच. तिच्या डोळ्यांचा विचार घरांत कोणीं केलाच नव्हता. तिनें स्वतःहि केला नव्हता.

वाचकहो, हें सर्वांनीं ध्यानांत घ्यावें. वयाची चाळिशी उलटली म्हणजे डोळ्यांतील भिंग ताठर होत जातें व जवळचें अंधुक दिसूं लागतें. हा रोग नव्हे, कोणाचा दोषहि नव्हे. हें सर्वांचेंच होतें. म्हणूनच आपल्या भाषेनें त्या चष्म्यास वयाचें नांव देऊन ठेविलें आहे. वाचणाऱ्याला तो लागतो, हिशेब लिहिणाऱ्याला लागतो, तसा शिवणारीलाहि लागतो. आमच्या घरीं पुढच्या बाजारच्या दिवशीं तिचे डोळे तपासून घेतले. चष्मा घरीं आल्यावर तिनें पहिलें काम केलें तें आपणच महिनाभर घातलेल्या टांक्यांच्या दोन वांकड्या ओळी उसवण्याचें.

३. ठिगळाचा धडा

पश्चात्ताप झालेल्या मनुष्यास उत्साह फार असतो. मीं ठरविलें कीं माझी फाटकी बंडी मीच सांधावी. घरांत मांजरपाटाचा कोरा तुकडा होता. तो कापून मीं भोंकावर नीट बसविला आणि चारी बाजूंनीं शिवून टाकला. काम बरें दिसत होतें. कुटुंबानें एवढेंच विचारलें, “तुकडा भिजवून घेतला होता का?” मीं म्हणालों, “नवा तर आहे!”

पहिल्याच धुण्यांत ठिगळ आटलें. त्यानें भोंवतालचें जुनें कापड ओढलें व भोंक बोटाएवढें होतें तें तळहाताएवढें झालें. कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दाखला शुभवर्तमानांत आहे (मार्क २:२१), व त्यावर मीं निदान तीन वेळां उपदेश केला होता. त्याचा गूढार्थ मला येत होता; शब्दशः अर्थ बंडीनें शिकविला.

असें कां होतें? कापड विणतांना सूत ताणलेलें असतें व त्यावर खळ असते. पाणी लागतांच ताण सुटतो आणि कापड आखडतें. जुनें वस्त्र पूर्वींच आखडून झालेलें असतें, म्हणून तें पुन्हां फारसें आटत नाहीं. दोघांची ओढाताण झाली म्हणजे जें दुर्बळ असेल तें फाटतें. यासाठीं ठिगळाचे नियम असे :

पहिला : जुन्या वस्त्रास जुन्याच कापडाचें ठिगळ लावावें. नवेंच वापरणें भाग पडलें तर तें रात्रभर पाण्यांत भिजवून, धुवून, वाळवून मग कापावें.

दुसरा : ठिगळ भोंकाहून चारी बाजूंनीं निदान एक इंच मोठें असावें, म्हणजे शिवण विरलेल्या भागावर न येतां सशक्त भागावर येते.

तिसरा : ठिगळाचे उभे धागे वस्त्राच्या उभ्या धाग्यांशीं जुळवावे. तिरपें ठिगळ नेहमीं चुरगळतें.

चौथा : कडा आंत दुमडून बारीक टांक्यांनीं शिवावें आणि भोंकाच्या लोंबत्या दशा उलट बाजूनें कापून सारखें करावें.

पांचवा : भोंक लहान असतांनाच हातीं घ्यावें.

४. लोकरीचें विणकाम

विणलेलें कापड व मागावरचें कापड यांत मोठा भेद आहे. मागावर उभे व आडवे असे पुष्कळ धागे असतात. दोन सुयांवर विणतांना बहुधा एकच धागा फांसाफांसानें पुढें जातो. म्हणूनच विणलेलें टोपडें ताणलें तर ताणतें व सोडलें तर पूर्ववत् होतें. म्हणूनच एक टांका सुटला तर शिडीसारखी रेघ खालपर्यंत उसवत जाते. ती दिसतांच सुटलेला फांस आंकड्यानें उचलून घ्यावा.

याच गुणामुळें विणलेलें वस्त्र पुन्हां धाग्यांत परत आणतां येतें. मूल वाढलें व स्वेटर तोकडा झाला तर तो उसवावा. धागा नागमोडी निघेल. त्याची सैल लड करून चार ठिकाणीं बांधावी, कोमट पाण्यांत बुडवावी व खालीं थोडें वजन अडकवून सांवलींत टांगावी. वळ्या जातात आणि धागा पुन्हां विणण्याजोगा होतो. मोठ्या भावाच्या स्वेटरांतून धाकटीचें टोपडें व मोजे सहज निघतात. खरी लोकर मात्र कढत पाण्यांत कधीं चोळूं नये. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण व घर्षण मिळतांच ते एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटून घट्ट होतें. मग तें उसवतहि नाहीं.

५. सुई कोणाची?

सुई ही बायकांची वस्तु, असा समज कोठून आला कोण जाणे. गांवचा शिंपी पुरुषच असे. शिंपी कुळांत जन्मलेल्या नामदेवांच्या पदांत गज, कातर, सुई व दोरा यांचे दाखले आहेत. पौल राहुट्या करणारा होता; आणि तो ज्यांच्या घरीं राहून तें काम करी, तीं अक्विल्ला व प्रिस्किल्ला हीं नवराबायको त्याच व्यवसायाचीं होतीं (प्रेषितांचीं कृत्यें १८:३). तेव्हां मजुरीसाठीं शिवतांना पुरुषास लाज वाटत नाहीं. आपल्याच सदऱ्याचें बटण लावतांना मात्र वाटते, हें आश्चर्य आहे.

स्त्रीनेंहि हेंच काम घराबाहेर केलें म्हणजे त्यास मोल येतें. पुण्याच्या सेवासदनांत, ज्याची स्थापना १९०९ सालीं झाली, रमाबाई रानडे यांनीं शिवणाचे वर्ग चालविले ते यासाठींच कीं निराधार स्त्रियांस स्वतःच्या हातावर पोट भरतां यावें. तीच सुई, तोच दोरा, तेंच बोट. उंबऱ्याच्या बाहेर त्यास विद्या म्हणावें आणि आंत ‘कांहीं नाहीं’ म्हणावें, हा न्याय नव्हे.

आमच्या घरीं आतां तीन नियम आहेत. संध्याकाळीं शिवण्यास बसणारीच्या शेजारीं चांगला दिवा असतो आणि तो प्रथम तिच्याकडे, मग माझ्या पुस्तकाकडे फिरवितात. धाकटा मुलगा रोज दहा सुया ओंवून उशींत टोंचून ठेवितो. आणि ज्याचें बटण तुटलें त्यानेंच तें लावावयाचें. माझीं बटणें अजून थोडीं तिरपीं बसतात, परंतु गळून पडत नाहींत.

विचारण्याचे प्रश्न

१. गोधडीची ऊब कशांत असते? टांके फार आवळले तर काय होईल?
२. तान्ह्या मुलाच्या पांघरुणास कोणतें कापड वापरूं नये, व कां?
३. कोऱ्या कापडाच्या ठिगळानें जुनें वस्त्र कां फाटतें?
४. तुमच्या घरांत चाळिशी कोणाकोणाला आहे? ज्यांना नाहीं त्यांना सुईचें नेढें दिसतें का, हें तुम्हीं कधीं विचारलें आहे काय?

या आठवड्याचें काम

घरांतील एक गोधडी मापावी, एका इंचांतील टांके मोजावे आणि वर दिलेल्या रीतीनें गणित करावें. उत्तर वहींत लिहूं नये. जिनें ती गोधडी शिवली तिला जाऊन सांगावें.