यंत्र पोचले, पट्ट्यांचे काय?

तापोळ्याकडच्या वाड्यांना साखर तपासायचे यंत्र द्यावे का, असे कोणी विचारले तर म्हणावे, जरूर द्या. पण आधी पट्ट्यांचा हिशोब करा. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्टी दर तपासणीला नवी. इन्सुलिनवर असलेल्या लेकराला ती दिवसातून अनेकदा लागते. पट्ट्या संपल्या की यंत्र फळीवर पडून राहते.

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दमट हवेने पट्ट्या बिघडतात. त्या त्यांच्याच डबीत ठेवाव्यात, पट्टी काढताच झाकण घट्ट लावावे. कागदाच्या पुडीत बांधून चार घरी वाटू नयेत, हेतू कितीही चांगला असो.

स्ट्रॉबेरी तोडून आलेले बोट न धुता टोचले, तर रसातल्या साखरेने आकडा खोटाच वाढतो. त्यावरून जादा इन्सुलिन घेतले तर रक्तातली साखर एकदम उतरते, जिवावर बेतू शकते. हात साबणाने धुवून, कोरडे करून मगच तपासावे.

फ्रिज नसेल तर इन्सुलिनची कुपी बंद डबीत घालून, उन्हाळ्यात बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. मडके सावलीत, चुलीपासून दूर.