हिमोग्लोबिन : काम एक, रूपे अनेक

रक्तात प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. पण त्याची रूपे अनेक आहेत. गर्भातील बाळाचे 'एफ' रूप प्राणवायू अधिक घट्ट धरते, म्हणून आईच्या रक्तातला प्राणवायू बाळाला मिळतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा 'ए' हे रूप घेते.

तिसरे रूप 'एस'. बीटा साखळीच्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू सुटताच रेणू एकमेकांना चिकटतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल. आपल्या धार जिल्ह्याच्या आदिवासी भागात तो आढळतो.

असे एकच जनुक असलेल्या वाहकाला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशात, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. पालकांना आमची विनंती आहे : वाहक असण्यात लाज नाही. पत्रिका जुळवण्याआधी रक्ताची तपासणी अवश्य करावी.