पिझ्झासाठी तयार पीठ : खरेदी आणि हाताळणी

प्रश्न : बाजारातून आणलेला पिझ्झाच्या पिठाचा गोळा लाटताना सारखा आकसतो आणि भाजल्यावर चिवट होतो. दोष पिठाचा की कृतीचा?

उत्तर : दोष बहुधा घाईचा असतो. मैदा तिंबला असता त्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्यामुळे एकत्र येऊन ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे बनते, आणि गोळा थंड असताना हे जाळे ताणले की ते रबरासारखे मागे खेचले जाते. म्हणून गोठवलेला गोळा रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावा आणि नंतर तेलाचा हात लावून, झाकून बाहेर ठेवावा. उन्हाळ्यात तासाभरात, थंडीत दोनेक तासांत तो सैल होतो. बोटाने हलके दाबल्यावर पडलेला खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, तर गोळा तयार समजावा. लाटण्याने मात्र यीस्टने, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या सूक्ष्म बुरशीने, निर्माण केलेला वायू निघून जातो व कडा फुलत नाहीत. त्यामुळे गोळा मधून कडेकडे बोटांनीच पसरावा, आणि आकसलाच तर जोर न करता दहा मिनिटे थांबावे.

खरेदीच्या वेळी कच्चे पीठ आणि अर्धवट भाजलेला बेस यांत गल्लत करू नये; बेसला हे काहीच लागू नाही. पाकिटात बर्फाचा थर साचला असेल, तर पीठ मध्येच वितळून पुन्हा गोठल्याची शक्यता असते आणि त्यात बरेच यीस्ट मरते. असे पाकीट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.