रिकामी चौकट म्हणजे सिफर नव्हे

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानांतही वहीच्या जोडीला संगणक आला. बोरगाव मेघे, वर्धा या बाजूचे अनेक दुकानदार मालाची यादी आधी एक्सेलमध्ये लिहितात, मग ती हिशोबाच्या प्रोग्राममध्ये चढवितात. या चढविण्यात आकडे चुकतात ते बरेचदा रिकाम्या चौकटींपायी, असे आमच्या पाहण्यात आहे.

आम्ही उर्दू शाळेत शून्याला सिफर म्हणायला शिकलो. हा अरबी शब्द, अर्थ 'रिकामे'. हिंदुस्थानातील 'शून्य' या शब्दाचे ते अरबी रूप. त्याच्यापासूनच युरोपात 'झिरो' आणि 'सायफर' हे शब्द गेले. शब्दार्थ रिकामे असला तरी हिशोबात सिफर हा आकडा आहे. रक्कम पाहिली, काही निघाले नाही, असे तो सांगतो. रिकामी चौकट मात्र एवढेच सांगते की येथे कोणी काही लिहिलेले नाही.

समजा, मालेगाव आणि इचलकरंजीहून चार प्रकारचे कापड सारख्याच मीटरचे आले. तिघांचा भाव मीटरला ८०, १२० आणि १०० रुपये. चौथ्याचे बिल यायचे आहे. एक्सेलचे सरासरीचे सूत्र रिकामी चौकट सोडून देते व १०० सांगते. तेथे ० पडला तर उत्तर ७५ येते. आता कोणी ९० रुपयांचा घाऊक भाव सांगून टाकला, तर कागदावर १५ रुपये नफा दिसेल आणि पहिल्या तीन प्रकारांवर मीटरमागे सरासरी १० रुपये गाठीचे जातील.

उधारीत तर याहून वाईट. पावती फाडली पण 'जमा' रकान्यात चढवली नाही, तर पैसे चुकते केलेला शिंपी थकबाकीदार दिसतो. चार माणसांत त्याला तगादा गेला की तो पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.

शिवाय सर्वच रिकाम्या चौकटी एका जातीच्या नसतात. रोखीच्या गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक रिकामा असतो, कारण त्याला तो नसतोच. तेथे काही हरवलेले नाही. जुन्या वहीच्या सवयीने पार्टीचे नाव एकदाच लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडतात, तेथे रिकामे म्हणजे 'वरीलप्रमाणे'. अशी यादी तारखेप्रमाणे लावली की कोणता माल कोणाचा हे कळेनासे होते. म्हणून आधी तो रकाना निवडावा, एफ ५ दाबून 'स्पेशल' व 'ब्लँक्स' घ्यावे, बरोबरचे चिन्ह टाकून वरचा बाण दाबावा आणि कंट्रोल धरून एंटर करावे. नावे उतरतात. मग रकाना कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'ने 'व्हॅल्यूज' म्हणून पक्का करावा, नाहीतर क्रम बदलताच नावेही बदलतील.

ज्या चौकटीत नुसती स्पेस दाबली गेली आहे ती डोळ्याला रिकामी दिसते, पण संगणक तिला अक्षर समजतो. 'काउंटब्लँक' सूत्र तिला रिकाम्यांत धरीत नाही. 'फाइंड-रिप्लेस'मध्ये 'पूर्ण चौकट जुळवा' ही खूण करून अशा स्पेस काढाव्यात.

काही लोक न कळलेल्या भावाच्या जागी ९९९ किंवा डॅश टाकतात. आम्हाला हे पसंत नाही. ९९९ बेरजेत मिसळतो, डॅशमुळे आकड्यांच्या रकान्यात अक्षर शिरते. अंदाजाने सरासरी भरणे तर त्याहून धोक्याचे, कारण महिन्याभराने खरा भाव कोणता आणि अंदाज कोणता हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. चौकट रिकामीच ठेवावी आणि शेजारी 'शेरा' रकाना करून 'बिल यायचे', 'लागू नाही' असे लिहावे.

रिकामी चौकट आत घेताना सगळे प्रोग्राम सारखे वागत नाहीत. काही तिला रिकामीच ठेवतात, काही शून्य भरतात. तेव्हा आधी दहा ओळींची नमुना यादी चढवावी, त्यात दोन चौकटी मुद्दाम रिकाम्या व दोन ठिकाणी खरे शून्य ठेवावे. चढवल्यावर त्या चार जागा उघडून पाहाव्यात. चारही ठिकाणी ० दिसला तर पूर्ण यादी चढवू नये. बिल न आलेल्या ओळी वेगळ्या काढून बाकीच्याच चढवाव्यात.