कुमुद आणि देवळाचे तळे

चंद्र उगवला की कुमुद उमलते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. कवींना ही कल्पना प्रिय झाली यात नवल नाही. परंतु अमावास्येच्या रात्री तळ्याकाठी जाऊन पाहिल्यास कुमुदे फुललेलीच आढळतील. सायंकाळनंतर उमलावे व दुसऱ्या दिवशी उन्हे चढू लागली म्हणजे मिटावे, हा या जातीचा स्वभावधर्मच होय. याच कुळातील निळे उत्पल मात्र दिवसा उमलते.

कुमुदास वनस्पतिशास्त्रात 'निम्फिया प्युबेसेन्स' म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्डेनो यांनी 1799 साली दिले. पानाची कड दातेरी असते व खालची बाजू लवदार असते. कमळाची पूर्ण वाढलेली पाने बहुधा पाण्यावर उंच उभी राहतात, तर कुमुदाची पाण्यावर पसरून तरंगतात. दोन्ही फुले दिसावयास सारखी असली, तरी त्यांची कुळे परस्परांपासून फार दूरची आहेत. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर कुमुदाचे कुळ अगदी आरंभीच्या फांद्यांपैकी एक आहे, असे 1999 सालच्या संशोधनाने दाखवून दिले.

एकच फूल ओळीने तीन-चार दिवस उघडते व मिटते. प्रथम उमलते तेव्हा मध्यभागीच्या वाटीत पातळ रस साचलेला असतो आणि स्त्रीकेसर पराग घेण्यास सिद्ध असतो. पुंकेसर मात्र अद्याप मिटलेले असतात. दुसऱ्या फुलावरून आलेला कीटक रसात पडला की त्याच्या अंगावरील पराग धुऊन निघतात. पुढील उमलण्यात रस आटतो व पुंकेसर पराग देऊ लागतात. अशा रीतीने दोन निराळ्या फुलांत परागांची देवघेव होण्यास वाव मिळतो. त्यानंतर फूल पाण्याखाली जाते, तेथेच फळ पिकते, बिया काही काळ तरंगतात आणि मग गाळात बसतात.

पानांची श्वासरंध्रे वरच्या बाजूस असतात. तेथून देठातील पोकळ नळ्यांच्या वाटे हवा गाळातील कंदापर्यंत पोहोचते. तळे आटले तरी कंद गाळात तग धरतो व पावसाळ्यात पुन्हा फुटतो. या तरंगत्या पानांच्या आधारानेच कमळपक्षी चालतो व घरटे करतो. अंडी उबविण्याचे काम त्यांच्यांत नराकडे असते.

आता आपल्या कर्तव्याचा विचार करावयाचा. निर्माल्य तळ्यात टाकल्यास ते कुजते, पाण्यातील प्राणवायू कमी होतो व खताचा अंश वाढतो. मग शेवाळ व जलपर्णी माजतात आणि त्यांच्या दाट थराखाली कुमुदाच्या कोवळ्या पानांस उजेड मिळत नाही. तळाशी सिमेंट घातल्यास कंदास जागाच उरत नाही. पूजेसाठी पहिल्याच दिवशी तोडलेले फूल बी धरू शकत नाही.

तेव्हा सभासद बंधुभगिनींनी फुले घेताना काही वेलीवरच राखावीत, निर्माल्यासाठी काठावर खड्डा करावा आणि गाळ काढताना थोडे कंद एका कोपऱ्यात राहू द्यावेत. देवाला वाहिलेल्या फुलाइतकेच तळ्यात राखलेले फूलही सेवेचेच आहे.