एस्पेरार हा धातू चालवताना

कळसाडी, जि. नंदुरबार
जूनचा दुसरा आठवडा

चि. छोटीस,


तुझ्या उत्तरपत्रिकेचे फोटो परवाच मिळाले. दोन दिवस शेतात ठिबकच्या नळ्या अंथरायचं काम होतं, म्हणून लगेच लिहिलं नाही. काल जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून चारही पानं नीट वाचली. पहिल्या पानावर तू ‘आब्लार’ हा धातू सगळ्या काळांत चालवला आहेस आणि त्यात एकही चूक नाही. तिसऱ्या पानावर मराठीतून स्पॅनिशमध्ये पाच वाक्यं करायची होती, त्यांतली चार चुकली. आणि तू आईला फोनवर म्हणालीस, की खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला ही भाषा यायची नाही, हा वर्ग सोडते. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. फोनवर हे सगळं सांगता येणार नाही, याला कागद लागतो.

बेटा, तुझी चार वाक्यं चुकली ती मराठी शाळेमुळे नव्हे. मराठीची रूपं काय काम करतात ते तू नीट पाहिलं नाहीस आणि तक्त्यावरची ‘वर्तमान’, ‘भूत’, ‘भविष्य’ ही नावं खरी धरलीस, म्हणून चुकली.

‘उद्या शहाद्याला जातो’ असं मी म्हणतो, तेव्हा ‘जातो’ वर्तमानकाळ आहे का? रूप तेच, पण जाणं उद्याचं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघालं. त्यात त्यांनी क्रियापदाच्या रूपांना काळाची नावं न देता प्रत्ययाच्या आवाजावरून नावं दिली. ‘त’ ऐकू येतो तो ताख्यात, ‘ल’ ऐकू येतो तो लाख्यात, ‘व’ येतो तो वाख्यात. आधी रूप ओळखा, मग ते रूप कोणकोणती कामं करतं ते बघा, असा तो रस्ता आहे. पुण्यात नोकरीला असताना मी संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकलो. काळांच्या नावांत वर्षभर अडकलो होतो. दामल्यांची रीत स्पॅनिशला लावली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. तूही तसंच कर. ‘आबा’ ऐकू आलं की बाख्यात म्हण, शेवटी ‘रिया’ आलं की रियाख्यात म्हण. तुझ्या बाईंना ही नावं सांगू नकोस, ती फक्त तुझ्या वहीत राहू देत.

गोव्यात उलट घडलं होतं. थॉमस स्टीफन्स या पाद्र्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोलला छापलं गेलं. त्याने आपल्याकडची क्रियापदं लॅटिन-पोर्तुगीज चौकटीत बसवली. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिची क्रियापदं आपल्या चौकटीत बसवून बघायला आपण का कचरावं?

‘आब्लार’ आता बाजूला ठेव. तुझ्यासाठी मी ‘एस्पेरार’ निवडला आहे. हाही ‘आर’ गटातला, पूर्ण नियमित. नियमित धातूंचे ‘आर’, ‘एर’, ‘ईर’ असे तीन गट आहेत. ‘आर’ सगळ्यांत मोठा, आणि नवा धातू भाषेत आला की बहुधा त्याच घरात राहायला येतो. चॅट करण्यालाही तिकडे ‘चातेआर’ म्हणतात. पण एस्पेरार निवडला तो त्याच्या अर्थासाठी. वाट पाहणं आणि आशा धरणं, दोन्हींना त्यांच्याकडे हा एकच शब्द. सध्या इथे सगळं गाव तेच करतंय. ढग सातपुड्यावर रोज संध्याकाळी जमतात आणि रात्री पांगतात.

एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान. कर्ता शब्दाच्या शेपटीत आहे, म्हणून ‘मी’, ‘तू’ वेगळं म्हणावं लागत नाही. पाचवं रूप स्पेनमध्ये ‘तुम्ही’साठी चालतं, लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी सहावं वापरतात. ते ओळखता आलं तरी तुला सध्या पुरे. आदराच्या ‘उस्तेद’ला मात्र तिसऱ्या पुरुषाचं रूप लागतं. हे मुलांना विचित्र वाटतं. ‘आपण बसावे’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलीला वाटायला नको. ‘उस्तेद’ हा शब्दच मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा झिजून झालेला आहे. आणखी एक: ‘मी वाट पाहतो’ आणि ‘मी वाट पाहते’, दोन्हींना एस्पेरो. मामा आणि भाची तिथे एका रूपात बोलतात.

आता तुझी चुकलेली वाक्यं.

‘मामाने झाडं लावली’ याचं तू ‘प्लान्तारोन’ केलंस, म्हणजे ‘त्यांनी लावली’. का, ते मला लगेच कळलं. मराठीत ‘लावली’ हे झाडांकडे बघतं: झाड लावलं, झाडं लावली, वेल लावला. मामाकडे कुणी बघत नाही, त्याला ‘ने’ लावून कडेला उभं केलं आहे. स्पॅनिश क्रियापद नेहमी करणाऱ्याकडेच बघतं. झाड एक असो की शंभर, मामा एकटा आहे, म्हणून ‘प्लान्तो’. इथे आपली भाषा पाय ओढते, आणि भूतकाळात ती प्रत्येक वेळी ओढेल. लिहिण्याआधी मनात ‘केलं कुणी?’ एवढं विचार.

‘लहानपणी मी आजोबांची वाट पाहायचे’ याला तू ‘एस्पेरे’ लिहिलंस. ते ‘एकदा वाट पाहिली आणि झालं’ असं झालं. इथे बाख्यात हवा: एस्पेराबा. मराठीत ‘पाहायचे’, ‘पाहत होते’ आणि जुन्या वळणाचं ‘पाही’, अशी तीन रूपं आहेत. तिन्हींचं काम स्पॅनिशमध्ये एकटा बाख्यात करतो. तू आजोबांची वाट एकदाच पाहिलीस का? रोज चार वाजता बैलगाडीचा आवाज येईपर्यंत ओट्यावर बसायचीस, मला आठवतं. ते सगळं त्या ‘आबा’मध्ये मावतं.

‘पाऊस आला की पेरू’ हे तिसरं. तू ‘आला’ बघून भूतकाळ घातलास. पण नीट ऐक, पाऊस आला आहे का? आलेला नाही. भूतकाळाचं रूप घेऊन मराठी इथे न झालेल्या गोष्टीबद्दल बोलते. पाऊस येणार की नाही ते आपल्या हातात नाही, म्हणून त्या अर्ध्या वाक्यात आपला शेतकरी भविष्यकाळ वापरतच नाही. स्पॅनिश शेतकरीही वापरत नाही. तो म्हणतो, ‘क्वान्दो येगे ला युव्हिया, सेम्ब्रारेमोस.’ ‘पेरू’ ला भविष्य, पण ‘आला की’ ला ‘येगे’, म्हणजे ज्याला ते सुब्खुन्तिवो म्हणतात ते रूप. या रूपाला तुम्ही मुलं सगळ्यांत जास्त घाबरता, म्हणून इथे जरा थांबतो.

घडण अगदी सोपी आहे. ‘आर’ गटातला ‘आ’ काढायचा आणि ‘ए’ घालायचा: एस्पेरा, एस्पेरे. ‘एर’ आणि ‘ईर’ गटांत उलट, तिथे ‘आ’ येतो. स्वरांची अदलाबदल झाली की ऐकणाऱ्याला कळतं, हा माणूस ‘असं आहे’ म्हणत नाहीये. मग काय म्हणतोय? आपला वाख्यात आठव. ‘पाऊस पडतो’ ही बातमी आहे. ‘पाऊस पडावा’ ही बातमी नाही. ती इच्छा आहे, आणि पुढे ‘असं वाटतं’, ‘म्हणून’, ‘यासाठी’ यांची ती वाट बघत उभी असते. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यात ‘यावं’ तू आपोआप म्हणतेस, कुणी शिकवलं नव्हतं. ‘किएरो के’ म्हणजे ‘मला हवंय की’, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचं क्रियापद आलं की हेच रूप. ‘देवा, पाऊस येऊ दे’ यासाठी त्यांच्याकडे ‘ओखाला’ हा शब्द आहे. तो स्पेनमधल्या अरबीतून आला, ‘अल्लाने इच्छिलं तर’ अशा अर्थाच्या बोलातून, आणि त्याच्या मागून नेहमी हेच रूप येतं. मात्र वाख्यात आणि सुब्खुन्तिवो तंतोतंत एक मानू नकोस. ‘तू तिथे जावंस’ या सल्ल्याच्या ‘जावंस’ला ते दुसरे शब्द वापरतात, आणि ‘तो आला असेल असं मला वाटत नाही’ या शंकेतही ते सुब्खुन्तिवो घालतात, जिथे आपण ‘असेल’वर भागवतो. दारातून आत जाण्यापुरता वाख्यात धर, आत गेल्यावर आपल्या डोळ्यांनी बघ.

तुझ्या पुस्तकात ‘पागार’, ‘बुस्कार’, ‘येगार’ यांच्यापुढे फुली मारून अनियमित रूपांचा वेगळा तक्ता दिला आहे. ‘ए’ आला की रोमन लिपीत अक्षर बदलावं लागतं, नाहीतर उच्चार बिघडतो. तेवढ्यासाठी तो तक्ता. देवनागरीत लिहून बघ. पागो, पागे. बुस्को, बुस्के. येगो, येगे. ‘ग’ तसाच, ‘क’ तसाच, काहीच बदललं नाही. हे धातू कानाला पूर्ण नियमित आहेत. परीक्षेत रोमन स्पेलिंग लिहावं लागेल, ते लिही, पण पाठ करायला बस तेव्हा देवनागरी वही घे. मराठी शाळेची ही शिदोरी तुझ्याजवळ आहे.

चौथं वाक्य: ‘पाऊस आला असता तर पीक हाती आलं असतं.’ मराठीत दोन्हीकडे ‘असता-असतं’, म्हणून तू दोन्हीकडे रियाख्यात घातलास. स्पॅनिशमध्ये ‘सी’ (जर) शेजारी रियाख्यात बसत नाही. तिथे ‘रा’ येतो, आणि फळ सांगणाऱ्या अर्ध्यात ‘रिया’. आजच्या गोष्टीबद्दल बोलायचं तर ‘सी एस्पेरारा, …’ आणि पुढे ‘रिया’. झालेल्या गोष्टीला ‘उबिएरा’ आणि ‘आब्रिया’ घेऊन हीच जोडी. रियाख्यात आणि भविष्य हे मुळात ‘पाहायची होती’ आणि ‘पाहायची आहे’ अशा जोड्यांचे चिकटून झालेले शब्द आहेत, म्हणून दोन्हींत अख्खा ‘एस्पेरार’ आधी येतो आणि शेपूट मागाहून लागते.

पाचवं तुझं बरोबर आलं: ‘मामा आता शेतात असेल’ याला तू ‘एस्तारा’ लिहिलंस. बाईंनी त्यापुढे ‘छान’ लिहिलंय. भविष्याचं रूप, पण गोष्ट आत्ताची आणि अंदाजाची. हे तुला तक्त्यातून आलेलं नाही, घरच्या ‘असेल’मधून आलं. घरची अशी मदत तुझ्या आजीच्या अहिराणीतही सापडेल. ‘काय करी ऱ्हायना?’ यातलं ‘ऱ्हायना’ म्हणजे ‘राहिला’. चालू क्रिया सांगायला ती ‘राहणे’ जोडते. स्पॅनिश त्याच कामाला ‘एस्तार’ जोडते, आणि त्याचं लॅटिन मूळ आहे ‘उभं असणं’.

जिथे घर मदत करणार नाही ते सांगतो: जोर. मराठीत शब्दातल्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपतच नाही. ‘एस्पेरो’त ‘पे’वर जोर दिला तर ‘मी वाट पाहतो’, ‘रो’वर दिला तर ‘त्याने वाट पाहिली’. ‘एस्पेरे’त ‘पे’वर जोर असेल तर ‘थांबावं’, ‘रे’वर असेल तर ‘मी थांबलो’. ‘एस्पेरारा’त आधीच्या ‘रा’वर जोर म्हणजे ‘थांबला असता’च्या कुळातलं रूप, शेवटच्या ‘रा’वर म्हणजे ‘थांबेल’. नोकरीत स्पॅनिशचं काम करू लागलो, त्या पहिल्या वर्षी एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मी ‘थांबा’च्या जागी ‘एस्पेरे’ लिहिताना शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिली. यंत्र चालवणाऱ्याला त्या जागी ‘मी थांबलो’ असं वाचायला मिळालं. छापलेले गठ्ठे परत आले. त्या दिवसापासून मी प्रत्येक रूप मोठ्याने म्हटल्याशिवाय कागदावर उतरवत नाही. तूही टाळी वाजवत म्हण, जोराच्या अक्षरावर टाळी. खोलीतल्या मुलींना आधी सांगून ठेव.

रोज दहा वाक्यं कर. पुस्तकातली विमानतळाची आणि हॉटेलाची नकोत. आपल्या घरातली घे: आजी कुणाची वाट पाहते, पपईचा भाव वाढावा असं कुणाला वाटतं, नळाला पाणी आलं की काय करतात, मोटार जळली नसती तर काय झालं असतं. प्रत्येक वाक्य आधी घरी म्हणतो तसं मराठीत लिही, त्याखाली देवनागरीत स्पॅनिश, आणि शेवटी रोमन. रविवारी फोटो पाठव. मी तपासून परत पाठवीन.

वर्ग सोडण्याचं दिवाळीपर्यंत बोलू नकोस. दिवाळीला इथे आलीस की वही समोर ठेवून ठरवू.

आजी बरी आहे. गुडघा दुखतो, पण सकाळी गोठ्यात जायचं सोडत नाही. कापसाचं बियाणं आणून ठेवलंय, रान तयार आहे. पाऊस आला की फोन करतो.

तुझा,
मामा