तीस सप्टेंबरचा पट

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या वा नगर परिषदेच्या शाळेचा पट घटू लागला, की त्याचे कारण शिकवण्यात शोधले जाते. परंतु पट घटल्यामुळेही शिकवणे ढासळते, आणि पालकांच्या हे ध्यानात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, तर ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक असावे लागतात. राज्यात ही पदे दरवर्षी संचमान्यतेने, म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावरून मंजूर पदे ठरवण्याच्या पद्धतीने, निश्चित होतात. त्यामुळे ६२ पटाच्या शाळेतील दोन मुले कॉन्व्हेंटच्या (विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खासगी शाळेला हेच नाव रूढ आहे) गाडीत बसू लागली, की तिसरे पद धोक्यात येते, दोघांना पाच वर्ग सांभाळावे लागतात आणि बरी चाललेली शाळा खरोखरच मागे पडते.

म्हणून नाव काढण्यापूर्वी पालकाने गणवेश आणि इमारत यांपेक्षा मुलाचे वाचन पाहावे: तिसरीतील मूल दुसरीच्या पुस्तकातील उतारा न अडखळता वाचते का आणि हातच्याची वजाबाकी करते का, हे घरच्या ओसरीवरही तपासता येते. उणीव आढळल्यास ती शाळा व्यवस्थापन समितीत मांडावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असणे कायद्याने बंधनकारक आहे, पण सह्यांपुरत्या बैठका घेऊन हा अधिकार वाया घालवला जातो, हे फार खेदाचे आहे.

झरी जामणी, केळापूरकडील कोलामांच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, प्रश्न अधिक बिकट आहे, कारण घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाला पहिलीची मराठीच परकी असते. तिथे त्याची बोली जाणणारा शिक्षक नव्या इमारतीहून मोलाचा ठरतो. पुसद, दिग्रस भागातील तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांबाबतही हेच म्हणता येते, आणि तेथून कुटुंबे ऊसतोडीला निघाली, की पटावरचे नाव व वर्गातले मूल यांची फारकत होते. अशा वेळी समितीने दिवाळीपूर्वीच यादी करून हंगामी वसतिगृहाची, म्हणजे मुलांना गावातच ठेवून जेवणाची सोय करणाऱ्या योजनेची, मागणी नोंदवावी. आणि मूल सोबत जाणारच असेल, तर दाखला मिळण्यास उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मधील तरतूद आईवडिलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावी.